काडेपेटीतून निघालेली युक्ती: झीरो, वाइल्डकॅट आणि सिम्युलेटरमधले आकाश

१/
हळू, जड आणि वळायला आळशी असलेल्या विमानात बसून आपल्याहून चपळ शत्रूला तोंड कसे द्यायचे? १९४१ च्या उत्तरार्धात अमेरिकी नौदलातील जॉन थॅच या वैमानिकापुढे हा प्रश्न उभा होता. उत्तरासाठी तो आधी आकाशात गेला नाही. कॅलिफोर्नियातील कोरोनाडो येथे, रात्रीच्या वेळी, घरातल्या स्वयंपाकाच्या टेबलावर काडेपेटीतल्या काड्या मांडून त्याने ते शोधले. आजचा धागा त्या काड्यांविषयी आहे. आणि ऐंशीहून अधिक वर्षांनी त्याच काड्या संगणकाच्या पडद्यावर मांडून पाहणाऱ्या माझ्यासारख्या हौशी माणसांना त्यातून काय उमगते, काय उमगत नाही, याविषयीही आहे.

२/
गेली काही वर्षे मी लढाऊ विमानांचे सिम्युलेटर उडवतो. टेबलाला घट्ट बसवलेली जॉयस्टिक, पायाखाली रडरची पेडल्स आणि डोळ्यांसमोर १९४२ मधले प्रशांत महासागरावरचे आकाश, एवढी सामग्री. इतिहासाच्या पुस्तकांनी मला 'काय घडले' ते सांगितले. 'तसेच का घडले' हे पुष्कळदा या दांडीने समजावले. 'झीरो अधिक चपळ होते' हे वाक्य वाचायला दोन क्षण पुरतात. पण शत्रू पाठीशी असताना दांडी पोटाशी ओढून धरावी, पडद्याच्या कडा काळवंडू लागाव्यात, मान वळवून पाहावे तर तो मघापेक्षा जवळ आलेला असावा, तेव्हा त्या वाक्याचा अर्थ अंगात उतरतो.

३/
प्रथम दोन्ही पक्षांची ओळख करून घेऊ. जपानी नौदलाचे मित्सुबिशी ए६एम२ म्हणजे झीरो. अमेरिकी नौदलाचे ग्रुमन एफ४एफ-४ म्हणजे वाइल्डकॅट. लढाईच्या तयारीने निघालेल्या झीरोचे वजन सुमारे अडीच टन, तर वाइल्डकॅटचे साडेतीन टनांहून अधिक. पंखांचे क्षेत्रफळ मात्र जवळजवळ सारखे. म्हणजे झीरोच्या पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ११० किलोंचा भार, वाइल्डकॅटच्या पंखावर सुमारे १५० किलोंचा. वळणाच्या लढाईचा निकाल बव्हंशी या दोन आकड्यांत आधीच लिहिलेला होता. कौशल्याने तो थोडा लांबवता येई. फिरवता येणे कठीण.

४/
असे का? विमान वळते ते पंख कलवून, त्याच पंखांच्या उचलशक्तीने स्वतःला वळणाच्या आत ओढून. पंखावर भार कमी असेल तर तीच उचलशक्ती विमानाला अधिक जोराने आत खेचते. वेगाचाही यात मोठा वाटा आहे. ओढ तेवढीच राहून वेग दुप्पट झाला, तर वळणाची त्रिज्या चौपट होते. म्हणून लहान वर्तुळ काढायचे तर हळू उडता आले पाहिजे, आणि ज्या वेगाला वाइल्डकॅटच्या पंखांचा हवेवरचा आधार सुटू लागतो, त्या वेगाला झीरो अजून निवांत वळत असते. झीरोबरोबर फेर धरणे म्हणजे त्याच्या अंगणात, त्याच्या तालावर नाचणे.

५/
ही चपळाई फुकट आलेली नव्हती. १९३७ मध्ये जपानी नौदलाने नव्या लढाऊ विमानाकडून फार मोठा पल्ला, जोरदार शस्त्रे आणि उत्तम वळण, सगळे एकदम मागितले. हाताशी असलेले इंजिन त्या मानाने लहान. ए६एम२ ला लाभले ते साधारण ९४० अश्वशक्तीचे. अभिकल्पक जिरो होरिकोशी यांच्यापुढे एकच वाट उरली, ती वजन घटवण्याची. नवा हलका मिश्रधातू आला, सांगाड्याच्या भागांना वजन कमी करण्यासाठी भोके पडली. वैमानिकामागे चिलखती पत्रा नाही, गोळी लागल्यावर आपोआप बुजणाऱ्या इंधनटाक्या नाहीत. झीरोची चपळाई आणि झीरोचे पेट घेणे, या दोन्हींचा उगम एकाच निर्णयात आहे.

६/
वाइल्डकॅटकडे काय होते? जाड पत्रा, स्वतःहून बुजणाऱ्या टाक्या, सहा जड मशीनगन आणि मार खाऊन घरी परतण्याची ताकद. सोयीच्या नावाने आनंदच होता. उड्डाणानंतर चाके आत घेण्यासाठी वैमानिकाला हाताने दांडा फिरवावा लागे, सुमारे तीस फेरे! सिम्युलेटरमध्ये हे काम एका बटणावर होते. परंतु कमाल वेगात झीरो किंचित सरस, चढण्यात बरेच सरस, वळण्यात फारच सरस. थॅचच्या टेबलावरचा प्रश्न हा असा होता. चीनमधील लढायांवर आधारलेला एक गुप्तवार्ता अहवाल त्याच्या हाती आला होता. त्यात या नव्या जपानी विमानाचे वर्णन होते. पर्ल हार्बर अजून घडायचे होते.

७/
थॅचकडे वळण्याआधी प्रोपेलर विमानांच्या द्वंद्वातला पायाभूत नियम समजून घेतला पाहिजे. घाटमाथ्यावर उभा असलेला सायकलस्वार पाहा. पायडल न मारता तो उतारावर वेग मिळवू शकतो, आणि त्या वेगावर पुढचा चढ काही अंतर चढू शकतो. उंचीचा वेग होतो, वेगाची उंची होते. हवेचा विरोध क्षणभर बाजूला ठेवला, तर ताशी ५०० किलोमीटर वेग म्हणजे जवळजवळ १००० मीटर उंचीची पुंजी. आता गंमत पाहा: वेग निम्म्यावर, ताशी २५० वर आला की तीच पुंजी उरते जेमतेम २५० मीटर. निम्मा वेग गमावला की तीनचतुर्थांश पुंजी गेली.

८/
करकचून घेतलेले प्रत्येक वळण ही पुंजी खाते. पंखांकडून जितकी जास्त ओढ मागावी, तितका हवेचा विरोध वाढतो आणि वेग झरझर उतरतो. इंजिन ती तूट भरून काढू पाहते, पण १९४२ च्या इंजिनांत तेवढा दम नव्हता. म्हणून सिम्युलेटरमधल्या नवख्या लढाया पाहताना एक दृश्य हमखास दिसते: दोन विमाने एकमेकांच्या शेपटीमागे फिरत फिरत खाली येतात, शेवटी लाटांवर रेंगाळतात, आणि वरून आलेला तिसराच कोणी एका फेरीत दोघांचाही हिशेब चुकता करून निघून जातो. ज्याच्यापाशी उंची आहे, लढायचे की नाही हे तो ठरवतो. बाकीच्यांच्या वाट्याला तो निर्णय भोगणे येते.

९/
यावर एक सरळ उत्तर त्याच काळात ब्रह्मदेश-चीन आघाडीवर दिले गेले. क्लेअर शेनॉल्ट यांच्या स्वयंसेवक तुकडीने, म्हणजे 'फ्लाइंग टायगर्स'ने, २० डिसेंबर १९४१ रोजी कुनमिंगवर पहिली लढाई दिली. शेनॉल्ट यांची शिकवण अशी: वरून सूर मारा, गोळ्या झाडा आणि न वळता तसेच दूर निघून जा, जपानी विमानाबरोबर कधीही फेर धरू नका. त्यांची पी-४० विमाने जड होती, पण सूर मारण्यात वेगवान. एक गैरसमज इथेच दूर करू: या तुकडीची गाठ प्रामुख्याने जपानी सेनादलाच्या कि-२७ आणि कि-४३ विमानांशी पडली. झीरो हे नौदलाचे विमान. पण ही विमानेही वळण्यात तितकीच पटाईत होती.

१०/
मग थॅचने हेच उत्तर का उचलले नाही? कारण त्याला पळून जाण्याची मुभा नव्हती. विमानवाहू जहाजावरच्या लढाऊ विमानाचे एक मुख्य काम सोबत करण्याचे असते. खाली मंद गतीची टॉर्पेडो विमाने लाटांवरून सरळ रेषेत चाललेली असतात. त्यांना सोडून सूर मारून निघून जाणे म्हणजे त्यांना मृत्यूच्या हवाली करणे. दिवसाअखेर परत उतरायचे ते जहाजही समुद्रावर जागचे हलू शकते, पण लपू शकत नाही. उंची नाही, वेग नाही, वळण नाही आणि जागा सोडण्याची सोयही नाही. हा पेच शेनॉल्टच्या नियमाने सुटणारा नव्हता.

११/
घरात काडेपेटी असेल तर आत्ताच चार काड्या काढा. दोन-दोनच्या दोन जोड्या शेजारी शेजारी, एकाच दिशेला तोंड करून ठेवा. दोन जोड्यांमधले अंतर साधारण एका पूर्ण वळणाच्या व्यासाइतके धरा. आता डावीकडच्या जोडीने उजवीकडच्या जोडीची पाठ सांभाळायची, उजवीकडच्या जोडीने डावीकडची. स्वतःच्या पाठीमागे पाहणे विमानात कठीण; शेजाऱ्याच्या पाठीमागे पाहणे मात्र सोपे. पाचवी काडी शत्रूची. ती उजव्या जोडीच्या मागे आणा. थॅचच्या युक्तीची सारी मांडणी एवढीच.

१२/
शत्रू उजव्या जोडीवर झेपावला की डावी जोडी तत्काळ उजवीकडे वळते, मित्राच्या दिशेने. रेडिओवर एक शब्दही बोलायची गरज नाही. शेजारी अचानक आपल्याकडे वळला, याचाच अर्थ 'तुझ्या मागे कोणीतरी आहे'. ते पाहताच उजवी जोडी डावीकडे वळते. दोन्ही जोड्या एकमेकींना छेदून जातात. आता शत्रूपुढे दोनच वाटा. पाठलाग चालू ठेवला, तर डावी जोडी समोरून त्याच्यावर बंदुका रोखून येते. पाठलाग सोडून बाहेर वळला, तर त्याची बाजू तिच्यापुढे उघडी पडते. मग जोड्या पुन्हा विलग होतात, पुन्हा जवळ येतात. वरून पाहणाऱ्याला त्यांच्या वाटा दोन पेडांच्या वेणीसारख्या दिसाव्यात.

१३/
यातले मर्म नीट पाहा. थॅचने वाइल्डकॅटला झीरोपेक्षा चपळ केले नाही. ते अशक्यच होते. त्याने लढाईचा प्रश्न बदलला. 'कोण लवकर वळून दुसऱ्याच्या मागे येतो' या प्रश्नात झीरो जिंकणार हे ठरलेले. 'समोरासमोर कोण अधिक मार खाऊ शकतो आणि देऊ शकतो' या प्रश्नात जाड पत्र्याचे, सहा बंदुकांचे वाइल्डकॅट सरस. झीरोच्या २० मिलिमीटर तोफा भयंकर होत्या, पण प्रत्येक तोफेला गोळे अवघे ६०. प्रत्येक विमानाने वळायचे ते एकदाच, थोडेसे आणि ठरलेल्या दिशेने. त्यामुळे पुंजीही फार खर्च होत नाही.

१४/
कागदावर, किंवा टेबलावर, जमलेली गोष्ट हवेत जमते का? थॅचने परीक्षा घेतली. आपल्या चार विमानांच्या वैमानिकांना त्याने थ्रॉटल पूर्ण उघडण्यास मनाई केली, म्हणजे ती हळू शत्रूपुढची दुबळी विमाने झाली. हल्लेखोर म्हणून एडवर्ड ओ'हेअर या तरबेज वैमानिकाला चार विमाने देऊन पूर्ण शक्ती वापरण्याची मोकळीक दिली. ओ'हेअरने नाना बाजूंनी हल्ले करून पाहिले. दर वेळी एक तर त्याचा नेम हुकला, किंवा नेम धरण्याच्या क्षणी समोरून कोणाच्या तरी बंदुका त्याच्यावर रोखलेल्या दिसल्या. शिकागोच्या विमानतळाला पुढे नाव मिळाले ते याच ओ'हेअरचे. नोव्हेंबर १९४३ मध्ये तो लढताना मारला गेला.

१५/
सिम्युलेटरमध्ये आम्ही चौघे मित्र ही वेणी अनेक संध्याकाळी गुंफत बसलो. दोघे पुण्याचे, एक नागपूरचा, एक नोकरीनिमित्त परदेशी; वेळेचे गणित जुळवणे हीच पहिली मोहीम. गणित सोपे आहे, अंतर मोजता येते, कोन पाठ होतात. अडते ते दुसरीकडेच. शत्रू मागे लागला की शरीर सांगते, दूर पळ, खाली जा, जोराने ओढ. थॅच सांगतो, थोडेच वळ, मित्राकडे वळ, आणि तुझ्या मागे काय चालले आहे ते पाहू नकोस. ते पाहणे त्याचे काम आहे. स्वतःची पाठ दुसऱ्याच्या डोळ्यांवर सोपवून द्यायची आणि समोरच्या धडकेच्या वाटेवर निघायचे, हे खुर्चीत बसूनही सहज जमत नाही.

१६/
नागपूरच्या मित्राने एकदा नेमके शब्द वापरले: "अरे, ही विमान उडवायची युक्ती नाहीये, शब्द पाळायची युक्ती आहे." मला ते पटले. या धाग्याचा गाभाही तोच. द्वंद्वयुद्धाच्या कथांनी आपल्याला एकट्या वीराची सवय लावली आहे: पाडलेल्या विमानांचे आकडे, शेपटीवर रंगवलेल्या खुणा, टोपणनावे. थॅचच्या काड्यांत एकटी काडी कुठेच नाही. एकटे वाइल्डकॅट म्हणजे शिकार. दोन वाइल्डकॅट, आणि त्यांच्यातला अबोल करार, म्हणजे शस्त्र. हा करार मोडला तर यंत्र तेच राहते, वैमानिक तेच राहतात, पण शस्त्र नाहीसे होते.

१७/
४ जून १९४२. मिडवे बेटाजवळचा समुद्र. 'यॉर्कटाउन' जहाजावरून निघालेल्या १२ टॉर्पेडो विमानांच्या सोबतीला थॅचला मिळाली फक्त सहा वाइल्डकॅट. दोन टॉर्पेडो विमानांच्या निकट, चार वर. जपानी ताफ्याजवळ येताच झीरोंचा मोठा थवा अंगावर आला आणि पहिल्याच झपाट्यात एडगर बॅसेट याचे विमान जळत समुद्रात गेले. चार विमानांसाठी आखलेली युक्ती, आणि उरली तीन. त्यातही ब्रेनर्ड मॅकोम्बर हा दुसऱ्या तुकडीतून आलेला. त्याला ही वेणी कधी शिकवलेलीच नव्हती, आणि रेडिओवरून निरोप त्याच्यापर्यंत पोहोचेना.

१८/
थॅचने मग रॉबर्ट डिब या तरुण वैमानिकाला बाजूला जाऊन दुसऱ्या जोडीची जागा घ्यायला सांगितले. एक पेड दोन विमानांचा, दुसरा एकट्याचा, अशी वेणी त्या दिवशी प्रथमच खऱ्या गोळ्यांखाली गुंफली गेली. डिबच्या मागे झीरो लागला, तो थॅचकडे वळला, थॅच त्याच्याकडे. आणि पाठलाग करणारा झीरो थॅचच्या बंदुकांपुढे आला. त्या लढाईत थॅचने तीन झीरो पाडल्याची नोंद केली, डिबने एक. तिघेही जिवंत परतले. टेबलावरच्या काड्या खऱ्या ठरल्या होत्या.

१९/
सिम्युलेटरमध्ये मोहीम इथे संपते आणि पडद्यावर यशाची पाटी येते. इतिहासात मात्र खाली पाहावे लागते. ज्यांच्या सोबतीला थॅच निघाला होता, त्या १२ टॉर्पेडो विमानांपैकी एकही जहाजावर परत उतरले नाही. त्यांचा नायक लान्स मॅसी मारला गेला. त्याच सकाळी 'हॉर्नेट'वरून निघालेली १५ टॉर्पेडो विमाने तर सोबतीविनाच शत्रूवर गेली; पंधराही पडली आणि त्यांतला एकच माणूस, जॉर्ज गे, वाचला. वेणीने वेणी गुंफणाऱ्यांना वाचवले. ज्यांना वाचवण्यासाठी ते आले होते त्यांना ती वाचवू शकली नाही. त्याच सुमारास वरून अमेरिकी डाइव्ह बॉम्बर आले आणि काही मिनिटांत तीन जपानी विमानवाहू जहाजे पेटली. लढाई जिंकली गेली. पण 'युक्ती यशस्वी झाली' हे वाक्य लिहिताना ते कोणासाठी खरे आहे, हे विचारायला हवे.

२०/
त्याच दिवशी, ४ जूनलाच, हजारो किलोमीटर उत्तरेला अल्यूशियन द्वीपमालिकेतील अकुतान बेटावर तादायोशी कोगा या जपानी वैमानिकाचे झीरो दलदलीत उतरताना उलटले आणि तो जागीच मरण पावला. जुलैमध्ये ते विमान अमेरिकनांना सापडले, आणि सप्टेंबरमध्ये दुरुस्त होऊन सॅन दिएगो येथे उडाले. या विमानामुळेच झीरोवर उतारा सापडला, 'हेलकॅट' विमानही त्यावरूनच घडले, असे पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. तारखा वेगळे सांगतात. थॅचची वेणी आदल्या वर्षीची, आणि हेलकॅटच्या पहिल्या नमुन्याने २६ जून १९४२ रोजी, म्हणजे कोगाचे विमान सापडण्याआधीच, उड्डाण केले होते.

२१/
अकुतानच्या विमानाने दिले ते निराळे आणि मोलाचे: पक्के मोजमाप. वेग वाढला की झीरोचे एलेरॉन, म्हणजे विमान कुशीवर कलवणाऱ्या पट्ट्या, अतिशय जड होतात. एकदम नाक खाली दाबले की इंजिन क्षणभर गुदमरते. आजच्या चांगल्या सिम्युलेटरमध्ये हे दोन्ही दोष उतरवलेले आहेत. झीरोत बसून वेगाने सूर मारला की दांडी जणू चिखलात रुतते. त्या क्षणी लक्षात येते की 'अजिंक्य झीरो' ही १९४२ च्या आरंभीची कथा जितकी अपुरी, तितकीच 'कागदी झीरो' ही नंतरची कथाही अपुरी आहे. विमान तेच होते. प्रतिपक्षाने त्याला कोणत्या वेगाच्या लढाईत ओढले, त्यावर त्याचे रूप ठरत गेले.

२२/
आता सिम्युलेटर काय लपवतो ते पाहू. पहिली गोष्ट म्हणजे उंची. खेळात एक बटण दाबले की ६००० मीटरवरून लढाई सुरू करता येते. १९४२ च्या उत्तरार्धात ग्वाडलकॅनाल बेटावर ही उंची कमवावी लागे. वाइल्डकॅट संथ चढे, आणि जपानी विमाने रबौलहून हजार किलोमीटरहून अधिक समुद्र ओलांडून येत. वाटेतल्या बेटांवर, जपानी गस्तीच्या मागे, जंगलात लपून बसलेले मित्रराष्ट्रांचे किनारानिरीक्षक ती विमाने जाताना पाहत आणि रेडिओवरून इशारा देत. तो इशारा वेळेवर पोहोचला तर वाइल्डकॅट वर वाट पाहत असत. म्हणजे आकाशातली उंची ही जमिनीवर, डासांत आणि भीतीत बसलेल्या कोणा माणसाने मिळवून दिलेली असे.

२३/
दुसरी गोष्ट नजर. पडद्यावर शत्रूच्या विमानावर नावाची पाटी झळकवता येते. खऱ्या आकाशात तो असतो सूर्यातला एक ठिपका, आणि पुष्कळदा तोही दिसत नाही. पाडल्या गेलेल्या अनेकांना आपल्याला कोणी मारले हे कळलेच नाही. म्हणूनच ज्याने शेजाऱ्याची पाठ राखण्याचे काम पद्धतीत बसवले, त्या थॅचचे महत्त्व. तिसरी गोष्ट थकवा. रबौलचे जपानी वैमानिक अरुंद आसनात तासन्‌तास बसून लढायला येत, लढून तितकेच तास परत जात, आणि पुन्हा येत. जपानने आपले जुने, कसलेले वैमानिक मरेपर्यंत आघाडीवर ठेवले. अमेरिकेने मिडवेनंतर थॅचला माघारी बोलावून प्रशिक्षणाला लावले. जेम्स फ्लॅटली या त्याच्या सहकाऱ्याने युक्तीला 'थॅच वीव्ह' हे नाव दिले, आणि थॅचला कधी न भेटलेली पोरेही ती गुंफू लागली.

२४/
आणि चौथी गोष्ट म्हणजे किंमत. सिम्युलेटरमध्ये पाडला गेलेला माणूस चहाचा घोट घेऊन पुन्हा उडतो. त्यामुळे तो धाडसी होतो, आणि त्याच्या धाडसावरून १९४२ च्या माणसांच्या वागण्याचा अंदाज बांधणे अशक्य होते. त्यांनी लढाई का टाळली, इतक्या दुरून का परतले, जोडीदाराला का सोडले नाही, या प्रश्नांची उत्तरे पुन्हा जिवंत होण्याच्या सोयीत दडून जातात.

२५/
म्हणून आमच्या चौघांत आता एक नियम आहे: पाडला गेला, तो त्या संध्याकाळी पुन्हा उडत नाही. गप्प बसतो, उरलेल्यांना ऐकतो. या एका नियमाने आमच्या लढाया पार बदलल्या. उंची असल्याशिवाय कोणी हल्ला करत नाही. जिंकता येत नसेल तर घरी परतण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. बोलणे कमी झाले आहे, शेजाऱ्याच्या मागे पाहणे वाढले आहे. तरीही एखादे दिवशी पहिल्याच मिनिटाला एक आवाज बंद होतो. मग आम्ही तिघे उरतो, त्यांतला एक मुकाट्याने बाजूला सरकून रिकामा पेड धरतो, आणि मला दर वेळी बॅसेटचे नाव आठवते.